सुटलेला रस्ता शोधायचा असेल, तर आधी तो का सुटला ते शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात राहता, मोटारसायकल आहे, रविवार मोकळा असतो. जुन्या राष्ट्रीय महामार्ग ४ चे, म्हणजे मुंबई–पुणे–सातारा रस्त्याचे, नव्या कामांमुळे बाजूला पडलेले तुकडे तुम्हाला पाहायचे आहेत. मोबाइलच्या नकाशात ते ‘जुना रस्ता’ म्हणून सापडत नाहीत. मग ते ओळखायचे कसे, तिथे जायला परवानगी लागते का, आणि पहिल्या दिवशी कुठे जावं?

माझी सगळी नोकरी रस्त्यांच्या आखणीत आणि देखभालीत गेली. निवृत्तीनंतर हे सुटलेले तुकडे पायी हिंडणं हाच माझा उद्योग आहे. त्यामुळे तुम्हाला यादी देणं मला सहज जमेल, पण यादीने तुमचं काम होणार नाही. दर दोन-चार वर्षांनी रुंदीकरण होतं, कुठे शेतकरी बांध घालतो, कुठे जुन्या रस्त्यावर मंगल कार्यालय उभं राहतं. आज लिहिलेली यादी पुढच्या पावसाळ्यापर्यंत जुनी होते. तुमची खरी अडचण वेगळी आहे. चालू रस्त्यावरून जाताना, जुना रस्ता इथेच कुठेतरी उजवीकडे किंवा डावीकडे असणार, हे डोळ्यांना कळायला हवं. ते एकदा कळलं की यादीची गरज उरत नाही.

त्यासाठी एकच प्रश्न स्वतःला विचारत राहा: इथे रस्ता हलवला असेल, तर का? आखणी करणारा माणूस हौस म्हणून रस्ता हलवत नाही. जमीन घ्यावी लागते, पैसा लागतो, लोकांचा विरोध होतो. चढ सोसेना, पूल पुरेना, गावातून गाडी निघेना किंवा वळणावर अपघात थांबेनात, यांपैकी काहीतरी झाल्याशिवाय रस्ता जागा सोडत नाही. कारण सापडलं की जागाही सापडते.

घाटापासून सुरुवात करतो, कारण सर्वांत जास्त शिल्लक तिथेच असते. घाटातली जमीन दुसऱ्या कशाच्या कामाची नसते, म्हणून जुना रस्ता तिथे कोणी गिळत नाही.

बोरघाटाचंच पाहा. १९ व्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत कोकणातून घाटमाथ्यावर चाकाची गाडी चढत नव्हती. माल बैलांच्या पाठीवरून यायचा, साहेब लोक पालखीतून किंवा पायी चढायचे. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात गाडीरस्ता बांधून झाला आणि १० नोव्हेंबर १८३० रोजी तो उघडला. म्हणजे तुम्ही जे शोधायला निघाला आहात, त्याच्या मुळाशी बैलगाडीचा रस्ता आहे. मोटारी फार पुढे आल्या. आणि बैलगाडीचा रस्ता आखण्याचं गणित मोटारीच्या रस्त्याहून निराळं असतं.

बैलाला चढ जितका जड, त्याहून उतार जड. भरलेली गाडी मागून रेटते आणि जू मानेवर येतं. म्हणून डोंगरी रस्त्याला साधारण २० फूट चालीमागे १ फूट चढ, याच्या आसपास रस्ता ठेवायचा प्रयत्न असे. आजही डोंगराळ भागासाठी नेहमीचा चढ वीसास एक असाच धरतात. फरक असा, की तेव्हा डोंगर फोडायला यंत्रं नव्हती. चढ सौम्य ठेवायचा तर डोंगराच्या कुशीला धरून लांबच लांब जावं लागे. वाटेत ओढा आला की रस्ता ओढ्याच्या आत, डोंगराच्या दिशेने, खोलवर शिरत असे. ओढा जिथे अरुंद होतो तिथे छोटी मोरी बांधायची आणि पलीकडच्या अंगाने पुन्हा बाहेर यायचं. आजचा रस्ता तसं करत नाही. तो ओढ्याच्या तोंडावरच मोठा भराव टाकून किंवा पूल बांधून सरळ पलीकडे जातो.

यातून शोधाची पहिली खूण मिळते. घाटात नव्या रस्त्यावर भराव किंवा उंच पूल लागला, की थांबायला सुरक्षित जागा बघा आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराकडे, पाहा. झाडीत शंभर-दोनशे पावलांवर जुनी मोरी असण्याची शक्यता मोठी असते. ती मिळाली की तिच्या दोन्ही बाजूंनी रस्त्याची पट्टी आपोआप उलगडत जाते.

मोरीपाशी घाई करू नका. रस्त्यावर उभं राहून मोरी दिसत नाही, ओढ्यात उतरावं लागतं. कमान दगडी आहे का? दगड घडीव आहेत की ओबडधोबड? मधला पाचरीच्या आकाराचा दगड इतरांपेक्षा पुढे काढलेला आहे का? सांध्यांत चुना आहे की सिमेंट? चुना पांढुरका आणि खडबडीत दिसतो, त्यात विटेचे किंवा वाळूचे कण दिसतात. सिमेंट राखाडी आणि टणक असतं. पुष्कळदा कमान चुन्यात, वरचा कठडा सिमेंटात आणि एका बाजूला वाढवलेला भाग काँक्रीटच्या स्लॅबचा, असं एकाच मोरीत तीन पिढ्यांचं काम सापडतं. स्लॅबचा भाग ज्या बाजूला आहे त्या बाजूला रस्ता रुंद केला, एवढं निश्चित. कठड्यावर चुन्याने किंवा रंगाने लिहिलेला क्रमांक शोधा. ‘१२/३’ असं असेल तर बाराव्या किलोमीटरमधली तिसरी मोरी. सार्वजनिक बांधकाम खात्यात हीच पद्धत आहे. चालू रस्त्यावर ‘१२/२’ नंतर एकदम ‘१२/५’ आली, तर मधल्या दोन मोऱ्या जुन्या रस्त्यावर राहून गेल्या असण्याचा दाट संभव आहे.

बोरघाटात जाल तेव्हा पायथ्यापासून सुरुवात करा. खोपोलीचं वीरेश्वराचं देऊळ आणि तळं नाना फडणवीसांनी बांधलेलं आहे. घाटाच्या तोंडाशी तळं असण्याला कारण आहे. चढण्याआधी आणि उतरल्यावर जनावराला पाणी लागतं, माणसाला मुक्काम लागतो. कोणत्याही घाटाच्या पायथ्याला आणि माथ्याला तळं, बारव, देऊळ, धर्मशाळा यांतलं काही दिसलं, तर जुन्या रस्त्याचं टोक तिथे आहे असं धरून चाला. पुढे चढावर शिंग्रोबाचं देऊळ लागतं. लोककथा अशी, की शिंग्रोबा नावाच्या धनगराने इंग्रजांना रेल्वेसाठी घाटातली वाट दाखवली आणि बक्षीस म्हणून स्वातंत्र्य मागितलं, तेव्हा त्याला मारून टाकलं. जुन्या रस्त्याने जाणारे चालक आजही तिथे नाणं टाकतात. कथेचा पुरावा कुणी काहीही मानो, आखणीची आयुष्यभर कामं केल्यावर मी एवढं सांगतो, की डोंगरात वाट आधी गुराख्याला माहीत असते आणि मोजणीवाला त्याच्या मागून जातो. ते देऊळ योग्य जागी आहे.

घाटातली एक गोष्ट मात्र आता तुम्हाला पाहायला मिळणार नाही. १८३० चा दगडी पूल, ज्याला पुढे जाहिरातीमुळे ‘अमृतांजन पूल’ हे नाव पडलं, तो एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत रस्ता रिकामा असताना पाडला. द्रुतगती मार्ग त्याच्या खांबांमधून जात होता, तिथे वाहतूक तुंबायची, अपघात व्हायचे. पाडण्यामागचं कारण मला समजतं, तरीही तो पूल गेल्याचं दुःख आहे. त्यामुळेच तुमच्यासारखे तरुण हे तुकडे बघायला निघतात तेव्हा मला मनापासून बरं वाटतं. कोणीतरी मोजमापं आणि फोटो घेऊन ठेवले, तर वस्तू गेली तरी तिची माहिती राहते.

बोरघाटात आणखी एक भूल पडते. जुन्या रेल्वेचेही अवशेष तिथे आहेत. घाटातली रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली, तिचा कमाल चढ ३७ फुटांत १ फूट होता, आणि गाडी उलटी फिरवून चढवण्याचं स्थानक १९२९ मध्ये बंद झालं. दगडी भिंत दिसली म्हणजे ती रस्त्याचीच, असं समजू नका. रेल्वेची वळणं मोठी आणि सपाट असतात, रस्त्याची अरुंद आणि तीव्र. शिवाय आजच्या रुळांजवळ भटकणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे आणि जिवावरचं काम आहे. ते लांबूनच बघा.

आता पुलांचं. नवा पूल बांधताना जुना चालू ठेवावाच लागतो, म्हणून नवा शेजारी बांधतात आणि जुना तिथेच राहतो. त्यामुळे नदी हे जुना रस्ता सापडण्याचं दुसरं हमखास ठिकाण. जुना पूल नदीला काटकोनात असतो, कारण लांबी वाढली की खर्च वाढतो. पात्र जिथे अरुंद आणि तळाला खडक, तिथे पूल आणि मग त्या पुलाला गाठण्यासाठी रस्त्याला वळण. नवा पूल उंच असतो आणि नदी तिरकी ओलांडायलाही बिचकत नाही. म्हणून नदी जवळ आली की उताराला लागून एखादा अरुंद डांबरी फाटा अचानक बाजूला वळतो का, हे पाहा. सारोळ्यापाशी नीरा ओलांडताना, भुईंजला कृष्णा ओलांडताना हीच नजर ठेवा. आणखी खाली कराडला गेलात तर कोयनेवरचा जुना पूल गावात सगळ्यांना माहीत आहे.

इथे मी जरा कडक बोलणार आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ चा दगडी कमानींचा पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी गाड्यांसह माणसं वाहून गेली. शेजारी नवा पूल होता, जुना एका दिशेच्या वाहतुकीसाठी वापरात होता. १५ जून २०२५ ला तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीने कोसळला, ४ जण गेले. धोक्याचा फलक तिथे होता.

दगडी पूल वरून कधीच धोकादायक दिसत नाही, हे लक्षात ठेवा. कमान ओझ्याने सहसा मोडत नाही. ओझ्याने तिचे दगड एकमेकांवर अधिक घट्ट बसतात. ती मोडते पायामुळे. पुराचं पाणी खांबाच्या बुडाची वाळू-माती खरवडून नेतं, खांब किंचित कलतो आणि कमानीचा आधार जातो. जवळपास वाळूउपसा झाला असेल तर हे आणखी लवकर घडतं. म्हणून पुलावर पाऊल टाकण्याआधी उन्हाळ्यात किंवा हिवाळ्यात काठावर उतरून तो खालच्या अंगाने बघा. कठड्याची वरची रेघ सरळ आहे का, की मध्ये दबली आहे? कमानीला आडवी चीर आहे का? पाण्याच्या रेषेपाशी खांबाचे दगड निखळलेत का? सांध्यात पिंपळ रुजला आहे का? यातलं एकही दिसलं तर फोटो काठावरून काढा आणि परत फिरा. आणि ‘बंद’ असा फलक असेल, तर वरीलपैकी काही दिसो न दिसो, चढायचं नाही. पावसाळ्यात कोणत्याही जुन्या पुलावर उभं राहू नका, गावकरी उभे असले तरी.

घाटातही हाच विचार लागू करा. दरीच्या बाजूची आधाराची भिंत मध्येच फुगलेली दिसली, गवंडी ज्याला ‘भिंतीला पोट आलं’ म्हणतात तसं, तर तिच्या वरच्या कडेला जाऊ नका. डांबरात कडेला समांतर चीर दिसली तर त्या चिरेच्या दरीकडच्या बाजूला गाडी लावू नका. तो भाग आतून सुटलेला असतो.

गावांबद्दल फार सांगायला नको, कारण तिथला जुना रस्ता लपलेला नसतो, फक्त त्याची ओळख गेलेली असते. बाह्यवळण झालं की गावातला महामार्ग बाजारपेठेचा रस्ता होतो. शिरवळमध्ये शिरा, बाजारातून चालत जा, आणि रस्त्याची रुंदी गावाच्या मानाने जास्त का, हा प्रश्न स्वतःला विचारा. एसटीचा निवारा आजच्या महामार्गाकडे पाठ करून उभा असेल, जुन्या देवळाची दीपमाळ किंवा जुनं विश्रामगृह आडबाजूला गेल्यासारखं वाटत असेल, बंद पडलेल्या पेट्रोल पंपाचं छत शेतात उभं असेल, तर ते सगळे ज्या दिशेला तोंड करून आहेत तिकडे जुना रस्ता.

वळणांचं तर त्याहून सोपं. अपघाताचं वळण मोडून रस्ता सरळ केला, की बाहेरच्या बाजूला चंद्रकोरीसारखा तुकडा उरतो. त्यावर हमखास चहाची टपरी, टायरवाला किंवा उभे केलेले ट्रक असतात. डांबर तेच, पण पट्टे नाहीत. चहा घ्या आणि टपरीच्या मागे किलोमीटरचा दगड आहे का ते बघा.

दगडांवरून बरंच कळतं, म्हणून थोडं सविस्तर. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचा माथा पिवळा, राज्य महामार्गाचा हिरवा. बाह्यवळण झाल्यावर जुना तुकडा राज्याकडे किंवा आणखी खाली जिल्ह्याकडे जातो आणि दगडाचा रंग बदलतो. हिरव्या रंगाचा पापुद्रा निघाला असेल तिथे खाली पिवळा दिसतो का, हे मी नेहमी बघतो. पिवळा दिसला तर तो तुकडा एके काळी महामार्ग होता, वाद नको. दगडावर ‘रा.म. ४’ असेल तर तो क्रमांक बदलण्याआधीचा. २०१० च्या फेरक्रमांकनानंतर हा रस्ता ४८ झाला. अंतर मैलात असेल तर दगड त्याहून खूप जुना, कारण वजनमापांच्या १९५६ च्या कायद्यानंतर आपल्याकडे मैल जाऊन किलोमीटर आले. आणि दगड किती बुडालाय ते पाहा. दगड जमिनीत खचत नाही, रस्ता वर येतो. दर काही वर्षांनी खडी आणि डांबराचा नवा थर चढतो. मुंबईत सेंट थॉमस कॅथेड्रलपासून अंतर मोजणारे इंग्रजी अमदानीतले मैलाचे दगड अशाच थरांखाली मानेपर्यंत पुरले गेले होते. सुटलेल्या तुकड्यावर मात्र थर चढणं थांबलेलं असतं, म्हणून तिथला दगड चालू रस्त्यावरच्या त्याच वयाच्या दगडापेक्षा उंच दिसतो. रस्ता सोडून किती काळ झाला, याचा अंदाज बांधायला याचा उपयोग होतो.

पावसाने कड तुटली असेल तिथे बसून रस्त्याचा काप बघा. वर डांबराचे काळे थर, मोजता येतील असे. त्याखाली बारीक खडी, मग मोठी, तळाला हाताने उभे लावलेले सोलिंगचे दगड आणि त्याखाली मुरूम. सोलिंग हाताने लावलेलं आहे, म्हणजे दगड टोक वर करून एकमेकांत कोंबलेले आहेत. ते दिसलं की तो भाग यंत्रांच्या आधीचा, असं मी मानतो. चौपदरीकरणातल्या कामात असं सोलिंग दिसणार नाही.

झाडं विसरू नका. जुन्या मोठ्या रस्त्यांना दुतर्फा वड, चिंच, आंबा ठरावीक अंतराने लावलेले असत. खोडावर गेरू-चुन्याचे पट्टे आणि रंगवलेला क्रमांक असतो. चौपदरीकरणात बहुतेक झाडं गेली, पण जिथे रस्ता सुटला तिथे ती वाचली. शेताच्या मधोमध वडांच्या दोन समांतर ओळी उभ्या दिसल्या आणि मध्ये ज्वारी असली, तरी ज्वारीखाली काय आहे ते तुम्हाला कळायला हवं.

नकाशांचं म्हणाल, तर घरबसल्या अर्धं काम होतं. सर्वे ऑफ इंडियाचे जुने एक इंचाला एक मैल प्रमाणाचे नकाशे मिळाले तर उत्तम. ते नसतील तर अमेरिकी सैन्याच्या नकाशा विभागाने १९५० च्या दशकात काढलेले १ : २,५०,००० चे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने इंटरनेटवर ठेवले आहेत. त्यात मोरी दिसणार नाही, पण रस्ता नदीच्या कोणत्या अंगाने जात होता ते दिसतं. गूगल अर्थमध्ये मागच्या वर्षांची छायाचित्रं बघण्याची सोय आहे. सुवर्ण चतुष्कोनाचं, म्हणजे चार महानगरं जोडणाऱ्या महामार्गांच्या चौपदरीकरणाचं, काम पूर्ण व्हायच्या आधीचं चित्र मिळालं तर आजच्या चित्राशी ताडून बघा. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटिअरचे पुणे आणि सातारा हे खंड १८८५ चे आहेत, त्यात रस्ते, घाट, बंगले, पाण्याच्या जागा यांची प्रकरणंच आहेत. आणि गाव नकाशा बघायला शिका, महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर तो मिळतो. मोजणीच्या वेळी रस्ता असेल तर तो गट क्रमांकांच्या मधून गेलेली लांब चिंचोळी पट्टी म्हणून दिसतो. त्या पट्टीवर आज काहीही उभं असो, रेघ जात नाही.

पण नकाशापेक्षा भरवशाची माणसं. फक्त प्रश्न नीट विचारा. ‘जुना महामार्ग कुठे आहे?’ असं विचारलं की समोरचा विचार करतो, हा भूसंपादनवाला आहे की पत्रकार, आणि गप्प बसतो. ‘पूर्वी एसटी कुठून जायची?’ असं विचारा. वेळे गावाच्या बाजूला एका आजींना हेच विचारलं, तर त्या म्हणाल्या, “हितनं न्हवं लेका, त्या चिंचंपासनं खाली वढ्यात उतरायची. कंडक्टर भाकरी खायला थांबायचा.” चिंच उभी होती आणि ओढ्यात मोरी होती. शिवाय गावात जुना मैलकुली, म्हणजे रस्त्याची देखभाल करणारा मजूर, किंवा त्यांचा मुकादम हयात असेल तर त्यांच्याकडे आवर्जून जा. रस्त्याच्या ठराविक तुकड्यावर त्यांनी आयुष्य घालवलेलं असतं. कुठल्या मोरीत दर पावसाळ्यात गाळ अडकायचा, ते तारखेसकट सांगतात. त्यांना मान द्या, घाई करू नका, आणि त्यांनी सांगितलेलं लिहून घ्या.

परवानगीबद्दल सरसकट उत्तर नाही. तुकडा अजून सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, जिल्हा परिषदेकडे किंवा नगरपरिषदेकडे असेल आणि लोक त्यावरून येत-जात असतील, तर चालायला कोणाला विचारावं लागत नाही. घाटात दोन्ही बाजूंना वनविभागाची जमीन असू शकते. रस्ता सोडून आत जायचं असेल तर वनरक्षकाला विचारा. पट्टीवर कोणी पीक घेत असेल, ती जमीन कागदावर कोणाचीही असो, तिथे बांधावरून हाक मारून विचारूनच जा. नव्या कामाच्या कुंपणाआत तर अजिबात शिरू नका. द्रुतगती मार्गावर दुचाकीला आणि पायी चालणाऱ्याला बंदी आहे. बोरघाटात काही अंतर जुना रस्ता आणि द्रुतगती मार्ग एकत्र येतात, तिथे दुचाकीने कुठून जायचं ते फलक आणि वाहतूक पोलीस सांगतील तसंच करा. आणि कुठलाही दगड, फलक, लोखंडी कठडा उचलून आणू नका. मैलाचा दगड जागेवरून हलला की त्यावरचा आकडा निरर्थक होतो.

कधी जावं, हे तुम्ही विचारलं नाही, पण ते महत्त्वाचं आहे. जून ते सप्टेंबर घाटात नको, दरडी येतात आणि गवतात काही दिसतही नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. गवत वाळून बसतं आणि सकाळच्या तिरप्या उन्हात रस्त्याची पट्टी सपाट पायरी म्हणून स्पष्ट उठून दिसते. दुपारी बाराला तोच डोंगर एकसारखा वाटतो. एकट्याने जाऊ नका, दोघे तरी असा.

आतापर्यंतचं एका ओळीत: घरी नकाशावर कारण शोधा, रस्त्यावर मोरी, पूल, झाड, दगड शोधा, आणि खात्री माणसांकडून करून घ्या. कोकणात कधी गेलात तर कशेडी घाटही बघून ठेवा. बोगदे झाल्यापासून तिथली वाहतूक गेली आहे, आणि रस्ता सुटल्यानंतरची पहिली काही वर्षं कशी असतात, टपऱ्या कशा बंद होतात, गवत कुठून आत शिरतं, हे सगळं तिथे डोळ्यांसमोर दिसेल.

पहिला दिवस मात्र पुण्यापासून खंबाटकीपर्यंतच ठेवा. सकाळी लवकर स्वारगेटवरून कात्रजचा जुना घाट धरा. बाह्यवळणाची जड वाहतूक नव्या जुळ्या बोगद्यांतून जाते, पण जुना बोगदा चालू आहे. बोगद्याजवळ वाघजाईचं देऊळ आहे, सिंहगडाकडे डोंगरसोंडेने चालत जाणारे तिथूनच निघतात. गाडी नीट बाजूला लावून थोडं वर चढा, म्हणजे जुन्या रस्त्याचे वळसे आणि डोंगर चिरून सरळ गेलेला नवा मार्ग एका नजरेत येतात. मी चढाबद्दल वर जे लिहिलं आहे ते तिथे दहा मिनिटांत पटेल. मग शिंदेवाडी, खेड शिवापूर, सारोळ्याचा नदीकाठ, शिरवळची बाजारपेठ असं करत खंबाटकीला या.

खंबाटकीत साताऱ्याकडे जाणारी गाडी घाट चढून जाते आणि पुण्याकडे येणारी बोगद्यातून येते. त्यामुळे जाता-येता तुम्हाला रस्त्याच्या दोन पिढ्या आपोआप पाहायला मिळतात. घाटात ट्रक दमून चढत असतात, वळणावर थांबू नका. थांबायचंच तर खामजाईच्या मंदिरापाशी थांबा. नव्या, अधिक रुंद जुळ्या बोगद्यांचं काम हाती घेतलेलं आहे, ते वापरात आले की या घाटाचीही बाजूला पडण्याची पाळी येईल. म्हणून मोऱ्यांचे क्रमांक, कठड्यांचे प्रकार, दगडांचे रंग आत्ताच टिपून ठेवा. एखाद्या मोरीचं वय कळलं नाही तर फोटोसह विचारा. फोटो ओढ्यातून काढा, त्यात कमानीचं तोंड आणि वरचा कठडा दोन्ही येऊ द्या आणि मापासाठी शेजारी हेल्मेट ठेवा. नुसत्या रस्त्याच्या फोटोवरून मला काही सांगता येणार नाही.